छत्तिसाव्या आठवड्यानंतर अ‍ॅक्युपंक्चर: प्रसूतीच्या तयारीसाठी कितपत उपयोगी?

ओंजळ (प्रश्न)

नमस्कार. माझे हे पहिलेच बाळंतपण असून सध्या पस्तिसावा आठवडा चालू आहे. रक्तदाब आणि साखर नियंत्रणात आहे, बाळाची वाढ व्यवस्थित आहे, डोके खाली आहे आणि वारही वरच्या बाजूला आहे, त्यामुळे आतापर्यंत तरी काळजी करावी असे काही डॉक्टरांना दिसलेले नाही. ओळखीच्या दोघीतिघींनी मला असे सुचवले आहे की शेवटच्या तीनचार आठवड्यांत बारीक सुया टोचण्याचा उपचार, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर घेतल्यास गर्भाशयाचे मुख मऊ होते, कळा वेळेवर सुरू होतात आणि बाळंतपण लवकर आटोपते. एकीने तर इतक्या खात्रीने सांगितले की जणू सुया घेतल्या म्हणजे औषध देऊन कळा सुरू करण्याची वेळच येणार नाही.

माझ्या डॉक्टरांना विचारले तेव्हा 'हरकत नाही, पण फार अपेक्षा ठेवू नका' एवढेच उत्तर मिळाले. तपासणीच्या गर्दीत त्याहून अधिक बोलणे शक्यही नव्हते. दुसरीकडे, गरोदरपणात काही बिंदूंवर सुई टोचणे निषिद्ध मानले जाते असेही माझ्या वाचनात आले. जे बिंदू आधी निषिद्ध होते तेच शेवटच्या महिन्यात उपयोगाचे कसे ठरतात, हे मला उमगत नाही.

खरे सांगायचे तर माझ्या मनात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. रात्री कंबर आणि खुबा इतका दुखतो की कूस बदलताना जाग येते आणि नंतर झोप लागत नाही. प्रसूतीच्या विचाराने छातीत धडधडही होते. यावर काही उपाय मिळाला तर हवाच आहे. आणि दुसरे म्हणजे, तारीख उलटली तर कळांचे औषध द्यावे लागेल आणि त्यातून प्रकरण सिझेरियनपर्यंत जाईल, अशी भीती मनात घर करून बसली आहे. ज्यांनी हे उपचार घेतले आहेत, जे देतात किंवा ज्यांना यातील वैद्यकीय बाजू ठाऊक आहे, अशांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाऊलवाट

ओंजळताई, मी हा उपचार घेतलेला आहे, म्हणून प्रत्यक्षात काय होते तेवढे सांगते. सुयांची भीती वाटत असेल तर ती बरीचशी अनाठायी आहे, कारण या सुया इंजेक्शनच्या सुईसारख्या पोकळ नसतात. त्या केसापेक्षा थोड्याच जाड असतात आणि टोचताना मुंगी चावल्याइतकेही जाणवत नाही. मात्र सुई आत गेल्यावर त्या सभोवताली एक जडपणा, खोलवरचा ठणका किंवा झिणझिण्या जाणवतात. माझ्या बाबतीत घोट्याच्या वर लावलेल्या सुईपासून तो जडपणा हळूहळू पोटरीकडे सरकत असे. मला डाव्या कुशीवर झोपवून गुडघ्यांच्या मध्ये आणि पोटाखाली उशी दिली जाई, कारण शेवटच्या महिन्यांत उताणे झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येऊ शकते. साधारण अर्धा तास तसेच पडून राहायचे असते आणि त्या वेळेत मला बहुधा डोळा लागत असे.

कंबरेच्या दुखण्यात मला निश्चित फरक पडला आणि त्या रात्रीची झोपही बरी लागत असे. बाळंतपणाबाबत मात्र मला असा दावा करता येणार नाही. माझी तारीख उलटली, ठरल्याप्रमाणे रुग्णालयात दाखल होऊन औषधाने कळा सुरू कराव्या लागल्या आणि त्यानंतर नैसर्गिक प्रसूती झाली. त्या आठवड्यांत मन शांत राहिले, याबद्दल मला समाधान आहे आणि पुन्हा वेळ आली तर त्याच कारणासाठी मी हा उपचार घेईन. तुम्ही प्रश्नातच दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत, तो फरक उपचार देणाऱ्या व्यक्तीलाही सांगा, म्हणजे ती त्यानुसार बिंदू निवडेल.

दीपस्तंभ

मी प्रसूतिशास्त्राच्या क्षेत्रात काम करतो. 'फार अपेक्षा ठेवू नका' हे तुमच्या डॉक्टरांचे उत्तर योग्यच आहे, परंतु त्यामागची कारणे कळली तर तुम्हाला निर्णय घेणे सोपे जाईल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

या विषयावरील चाचण्यांचा सर्वांत व्यापक आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये अद्ययावत केला. त्यात अ‍ॅक्युपंक्चर किंवा अ‍ॅक्युप्रेशरने (त्याच बिंदूंवर बोटाने दाब देऊन) कळा सुरू होतात का हे तपासणाऱ्या २२ चाचण्या आणि ३४५६ स्त्रियांचा समावेश होता. सिझेरियनच्या प्रमाणात स्पष्ट फरक आढळला नाही. गर्भाशयमुखाच्या पक्वतेत मात्र खोट्या, म्हणजे चुकीच्या जागी किंवा वरवर टोचलेल्या, सुयांच्या तुलनेत थोडा फरक नोंदवला गेला. तो किती होता हे पाहणे उद्बोधक आहे. आम्ही आतून तपासणी करतो तेव्हा मुख किती उघडले आहे, किती पातळ झाले आहे, किती मऊ आहे, पुढे आहे की मागे आणि बाळाचे डोके किती खाली उतरले आहे, या पाच बाबींना गुण देतो. १९६४ मध्ये बिशप यांनी मांडलेल्या या पद्धतीत कमाल १३ गुण असतात आणि ८ किंवा अधिक गुण असतील तर मुख अनुकूल समजतो. वरील आढाव्यात आढळलेला सरासरी फरक ०.४० गुणांचा होता आणि तोही १२५ स्त्रियांच्या एकाच चाचणीतून आलेला. एवढ्या फरकाने माझा तपासणीनंतरचा निर्णय बदलणार नाही.

ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३६४ स्त्रियांना, औषधाने कळा सुरू करण्याच्या नियोजित दिवसाआधीचे दोन दिवस, खऱ्या किंवा खोट्या सुया दिल्या गेल्या. औषधांची गरज कमी झाली नाही आणि प्रसूतीपर्यंतचा कालावधीही घटला नाही. याउलट, न्यूझीलंडमध्ये प्रसूतिसेविकांनी १६९ स्त्रियांच्या नोंदींवरून २००६ मध्ये मांडलेल्या निरीक्षणात कळा सुरू करण्याची गरज सुमारे ३५ टक्क्यांनी आणि एपिड्युरलचे (कंबरेतून दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक इंजेक्शनचे) प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांनी कमी दिसले. तुमच्या मैत्रिणींपर्यंत पोहोचलेले दावे बहुधा अशाच निरीक्षणांतून आलेले असावेत. पण तिथे चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नव्हते. ज्या स्त्रिया स्वतःहून असा उपचार शोधतात त्यांची प्रसूतीबाबतची तयारी, इच्छा आणि मिळणारा आधार मुळातच वेगळा असू शकतो, आणि तो फरक सुयांच्या खात्यावर जमा होतो.

इथे आणखी एक बाब आहे, जी ऐकीव अनुभवांत नेहमी निसटते. समजा एखादी स्त्री छत्तिसाव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत दर आठवड्याला सुया घेते. तिच्या कळा केव्हाही आपोआप सुरू झाल्या तरी त्या शेवटच्या बैठकीनंतर सात दिवसांच्या आतच सुरू होणार. तसे न होणे शक्यच नाही. 'सुया घेतल्या आणि चारच दिवसांत कळा आल्या' हे वाक्य म्हणूनच खरे असूनही त्यातून काहीही सिद्ध होत नाही. शिवाय दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळे शंभरात जेमतेम चारपाच असतात आणि पहिलटकरणींमध्ये तारीख काही दिवस उलटणे हे तर अगदी सर्वसाधारण आहे. तारीख म्हणजे अंदाजाचा मध्य; त्या दिवशी शरीराने हजेरी लावलीच पाहिजे असा नियम नाही.

खोट्या सुयांविषयीही प्रामाणिकपणे सांगायला हवे. चुकीच्या जागी किंवा वरवर टोचलेली सुई पूर्णपणे निष्क्रिय असेलच असे नाही, तिचाही शरीरावर काही परिणाम होऊ शकतो, त्यामुळे या चाचण्यांतून येणारा 'फरक नाही' हा निष्कर्ष औषधांच्या चाचण्यांइतका निर्विवाद नसतो. ही त्रुटी मी मान्य करतो. पण त्रुटी आहे म्हणून लाभ सिद्ध झाला असे होत नाही, आणि नेहमीच्या देखभालीशी थेट तुलना केलेल्या चाचण्यांतही सिझेरियन कमी झाल्याचे दिसलेले नाही.

प्रत्यक्ष कळांच्या वेदनांबाबत चित्र थोडे अधिक आशादायक आहे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २८ चाचण्या आणि ३९६० स्त्रिया होत्या. प्रसूतीच्या वेळी अ‍ॅक्युपंक्चर दिल्यास वेदनाशमनाबाबतचे समाधान वाढू शकते आणि औषधी वेदनाशामकांचा वापर कमी होऊ शकतो, असे त्यातून दिसते. पुरावा मात्र फार भक्कम नाही.

आता तुमच्या भीतीविषयी, कारण मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. औषधाने कळा सुरू केल्या म्हणजे सिझेरियन ठरलेलेच, ही समजूत सर्वत्र आहे. पण चाचण्यांनी तिला दुजोरा दिलेला नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक पहिलटकरणींच्या चाचणीत एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा सुरू करून दिलेल्या गटात सिझेरियनचे प्रमाण १८.६ टक्के होते, तर वाट पाहिलेल्या गटात २२.२ टक्के. याचा अर्थ प्रत्येकीने एकोणचाळिसाव्या आठवड्यात औषध घ्यावे असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की उद्या तुम्हाला तशी गरज पडली तर ती नैसर्गिक प्रसूतीची संधी हुकल्याची खूण मानू नका. एकेचाळिसावा आठवडा उलटल्यानंतर वारेची कार्यक्षमता कमी होण्याचा आणि पोटातच बाळ दगावण्याचा धोका, मुळात अल्प असला तरी, वाढत जातो, म्हणूनच आम्ही त्या सुमारास दिवस ठरवतो. सुयांचा गुण येईल या आशेवर तो दिवस पुढे ढकलणे हाच या सगळ्यातील खरा धोका आहे, सुई नव्हे.

कंबरदुखी, अपुरी झोप आणि धास्ती यांसाठी तुम्ही प्रशिक्षित व्यक्तीकडून अ‍ॅक्युपंक्चर घेणार असाल तर माझा अजिबात विरोध नाही. प्रसूती सुकर व्हावी हा हेतू असेल, तर ज्यांचा पुरावा अधिक ठोस आहे अशा गोष्टी आधी करा. कळांच्या पूर्ण काळात आपल्या विश्वासाची एक व्यक्ती सतत सोबत असल्यास प्रसूतीचा कालावधी आणि सिझेरियनचे प्रमाण दोन्ही कमी होतात, हे २६ चाचण्यांच्या आढाव्यात दिसून आले आहे. पहिल्या अवस्थेत पलंगावर पडून न राहता उभे राहणे, चालणे, बसणे यामुळे ती अवस्था सरासरी सुमारे १ तास २२ मिनिटांनी कमी झाल्याचेही नोंदवले गेले आहे. पस्तिसाव्या आठवड्यापासून योनिमार्ग आणि गुदद्वार यांमधील भागाला हलक्या हाताने मालिश केल्यास पहिल्या प्रसूतीत छेद देण्याची आणि टाक्यांची गरज कमी होते. या तीनही गोष्टींबद्दल पुढच्या तपासणीत आवर्जून विचारा.

सूक्ष्मा

मी अ‍ॅक्युपंक्चरची प्रशिक्षित चिकित्सक असून माझ्याकडे गरोदर स्त्रिया नियमित येतात. वर दीपस्तंभ यांनी दिलेल्या आकडेवारीशी माझा वाद नाही. आमच्या क्षेत्रातील काही जण 'हमखास कळा येतील' अशी जाहिरात करतात, त्याने स्त्रियांचे नुकसान होते आणि उपचारपद्धतीचेही. मी स्वतः 'कळा सुरू करण्याचा उपचार' असा शब्दप्रयोग कटाक्षाने टाळते आणि शेवटच्या आठवड्यांतील देखभाल एवढेच म्हणते.

निषिद्ध बिंदूंबद्दलची तुमची शंका रास्त आहे. पारंपरिक चिनी ग्रंथांत अंगठा आणि तर्जनी यांमधील हेगू, आतल्या घोट्यापासून चार बोटे वर असलेला सान्यिन्जियाओ, खांद्यावरचा जियान्जिंग आणि कंबरेखालचे त्रिकास्थीवरील बिंदू गरोदरपणात टाळावेत असे सांगितले आहे, कारण ते गर्भाशयाला चालना देतात अशी धारणा होती. आधुनिक काळात उपलब्ध चाचण्या तपासणाऱ्यांना या बिंदूंमुळे गर्भपात किंवा अकाली प्रसूती झाल्याचा वस्तुनिष्ठ पुरावा मिळालेला नाही. गंमत अशी नाही की आधी ते घातक होते आणि नंतर गुणकारी झाले. एकाच धारणेच्या या दोन बाजू आहेत, आणि त्यांपैकी एकही बाजू प्रयोगांतून ठामपणे सिद्ध झालेली नाही. तरीही सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी मी हे बिंदू वापरत नाही, कारण सदतीस आठवड्यांपूर्वीचे बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते आणि त्या काळात योगायोगाने जरी कळा सुरू झाल्या तरी त्या स्त्रीच्या मनाला आयुष्यभर लागून राहील.

शेवटच्या आठवड्यांसाठी जर्मनीत मॅनहाइम येथून पुढे आलेली पद्धत बरीच प्रचलित आहे. तीत गुडघ्याखालचे दोन बिंदू, घोट्यावरचा एक आणि पायाच्या करंगळीच्या नखालगतचा एक, असे मोजकेच बिंदू छत्तिसाव्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा घेतले जातात. वर म्हटल्याप्रमाणे घोट्यावरचा बिंदू मी आणखी एक आठवडा थांबूनच घेते. तुमच्या कंबरेसाठी आणि खुब्यासाठी बिंदू अर्थातच वेगळे असतील आणि ते आत्तापासूनही घेता येतील. पोटावर सुया लावल्या जाऊ नयेत आणि सुयांना विजेचा प्रवाह जोडण्याची या कारणासाठी मला गरज वाटत नाही.

करंगळीजवळच्या त्याच बिंदूला ओव्याच्या पुरचुंडीने शेकतात तसे एका वनस्पतीच्या जळत्या कांडीने शेक देण्याची पद्धत आहे, तिला मॉक्सा म्हणतात. ती पायाळू बाळ वळावे म्हणून साधारण तेहतीस ते पस्तीस आठवड्यांच्या दरम्यान वापरतात. तुमच्या बाळाचे डोके खालीच असल्याने तो उपचार कोणी सुचवला तर स्पष्ट नकार द्या.

चिकित्सक निवडताना संकोच न करता प्रश्न विचारा. गरोदर स्त्रियांवर उपचार करण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतले आहे का, तुमच्या देशातील अधिकृत नोंदणी आहे का, सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरून टाकून देण्याच्या आहेत का आणि त्यांचे पाकीट तुमच्यासमोर फोडले जाते का, हे पाहा. माझ्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची कसोटी म्हणजे ती व्यक्ती तुमची फाइल मागते का. जिला वारेची जागा, रक्तदाब, प्लेटलेट आणि चालू औषधे यांत रस नाही, तिच्याकडून सुई घेऊ नका. वार खाली असणे, रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब, अकाली प्रसूतीचा धोका, गर्भजल जाऊ लागणे, यांपैकी काहीही असल्यास मी टेबलावर झोपवतही नाही, थेट डॉक्टरांकडे पाठवते. हेपॅरिनसारखी रक्त पातळ करणारी इंजेक्शने चालू असतील किंवा हृदयाच्या झडपेचा विकार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जात नाही.

त्रास म्हणाल तर टोचल्या जागी थोडे काळेनिळे होणे, रक्ताचा एखादा थेंब येणे, उठताना हलके गरगरणे, एवढे होऊ शकते. उपाशीपोटी येऊ नका आणि झाल्यावर एकदम उठू नका.

पुनर्वसू

चर्चा उपयुक्त चालली आहे, म्हणून माझी शंका इथेच विचारते. माझे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले असून या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करायचे डॉक्टरांशी बोलून ठरले आहे. आधीच्या टाक्यांमुळे कळांची औषधे देण्यावर मर्यादा येते असे मला सांगण्यात आले, त्यामुळे 'औषध नको तर सुया घे' असा सल्ला घरातून वारंवार मिळतो आहे. माझ्यासारखीने हे करणे सुरक्षित आहे का? आणि सुया टाळून त्याच बिंदूंवर घरी बोटाने दाब दिला तर चालेल का?

दीपस्तंभ

पुनर्वसूताई, एका सिझेरियननंतर कळा आपोआप सुरू झाल्यास जुन्या टाक्यांच्या जागी गर्भाशय फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक इतका असतो, आणि औषधांनी कळा सुरू केल्यास तो वाढतो. म्हणून काही औषधे तुमच्या बाबतीत टाळली जातात. सुयांमुळे हा धोका वाढतो असे कोणत्याही चाचणीत दिसलेले नाही. तशाच त्या औषधांची जागाही घेऊ शकत नाहीत, कारण त्यांचा कळा सुरू करण्याचा गुणच सिद्ध झालेला नाही. ताण कमी करण्यासाठी घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना सांगून घ्या. मात्र आपोआप कळा आल्या नाहीत तर कोणत्या दिवशी काय करायचे हे सदतिसाव्या आठवड्यातच लेखी ठरवून ठेवा. कळा सुरू झाल्यावर घरी थांबू नका. दोन कळांच्या मधल्या काळातही टाक्यांच्या जागी दुखत राहिले किंवा रक्तस्राव झाला तर त्याला सामान्य कळ समजू नका.

सूक्ष्मा

दाबाबद्दल मी सांगते. कळा सुरू करण्यासाठी दाब दिल्याने फायदा झाल्याचे त्याच २०१७ च्या आढाव्यात दिसले नाही. प्रत्यक्ष कळांच्या वेळी मात्र दाब हे सोबतच्या व्यक्तीच्या हातातील उत्तम साधन आहे, असे माझे ठाम मत आहे. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १७६ पहिलटकरणींपैकी एका गटाला जोडीदारासह दोन दिवसांचा वर्ग दिला गेला. त्यात दाबाचे बिंदू, श्वसन, मालिश, योगासने आणि मन एकाग्र करण्याचे तंत्र शिकवले होते. त्या गटात एपिड्युरल घेणाऱ्यांचे प्रमाण २३.९ टक्के होते, तर केवळ नेहमीचा वर्ग घेतलेल्या गटात ६८.७ टक्के. हा परिणाम केवळ बिंदूंचा म्हणता येणार नाही, सर्व गोष्टींचा मिळून आहे. तरी घरी शिकण्यासारखे यात बरेच आहे.

शिकायचे असेल तर कंबरेपासून सुरुवात करा. पाठीच्या कण्याच्या अगदी खाली, नितंबांच्या वर, दोन्ही बाजूंना लहान खळगे लागतात. कळ चढू लागली की सोबत असलेल्या व्यक्तीने दोन्ही अंगठे किंवा तळहाताची टाच तिथे टेकवून आपल्या शरीराचा भार हळूहळू पुढे द्यायचा, कळ ओसरेपर्यंत दाब कायम ठेवायचा आणि मग सोडायचा. बोटांच्या जोरावर दाबल्यास ती व्यक्ती लवकर थकते, म्हणून भार देण्याची सवय आधीच करून ठेवावी. किती दाब हवा हे तुम्हीच सांगायचे, आणि सरावाच्या वेळी तो हलकाच ठेवायचा. हेगू आणि घोट्यावरच्या बिंदूंना मात्र सदतीस आठवड्यांपूर्वी हात लावू नका.

ओंजळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या आपुलकीने कोणी समजावून सांगेल असे वाटले नव्हते. मी असे ठरवले आहे की कंबर आणि झोप यांसाठी अ‍ॅक्युपंक्चर घेईन, चिकित्सकाला भेटायला जाताना फाइल सोबत नेईन, आणि पुढच्या तपासणीत मालिश, सोबतीची परवानगी आणि कळांच्या वेळी हिंडण्याफिरण्याची मुभा याबद्दल डॉक्टरांशी बोलेन. कंबरेवर दाब द्यायला यजमान शिकणार आहेत. औषधाने कळा सुरू करण्याची भीती पूर्ण गेली असे म्हणणार नाही, पण तिचा आकार पुष्कळ लहान झाला आहे.

एक शेवटचा प्रश्न. समजा तारीख उलटली आणि रुग्णालयाने दाखल होण्याचा दिवस दिला, तर मधल्या दिवसांत सुया चालू ठेवाव्यात की थांबवाव्यात?

दीपस्तंभ

चालू ठेवायला हरकत नाही, फक्त रुग्णालयातील तपासण्यांच्या वेळा आधी आणि सुयांची वेळ नंतर असा क्रम ठेवा. तारीख उलटल्यावर बाळाच्या हृदयाचे ठोके आणि गर्भजल पाहण्यासाठी बोलावले जाते, त्यातील एकही भेट चुकवू नका. गर्भाशयमुख थोडे उघडले असेल तर डॉक्टर बोटाने गर्भपिशवीचे आवरण आतून सैल करून देण्याचा पर्याय सुचवतील. तो काहीसा त्रासदायक असतो आणि त्यानंतर थोडे रक्त दिसू शकते, पण औषधांविना कळा सुरू होण्याची शक्यता वाढवण्यासाठी त्याला सुयांपेक्षा चांगला पुरावा आहे, तेव्हा त्याचा विचार जरूर करा.

आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, पाणी गेले, ताजे रक्त दिसले, डोके दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा वरच्या पोटात दुखू लागले, तर त्या दिवशी चिकित्सकाकडे वेळ ठरलेली असली तरी तिकडे न जाता, फोनवर सल्ला विचारण्यातही वेळ न घालवता, सरळ रुग्णालयात या. रात्रीचे दोन वाजले असले तरी या. तपासून सर्व ठीक निघाले म्हणून तिथे कोणी तुम्हाला बोल लावणार नाही.